हाताचें वळण : रेघ, लंबवर्तुळ आणि खोकें

चित्रकला ही दैवी देणगी आहे, हें वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणें बोललें जातें कीं, तें ऐकून एखाद्या मुलाची पेन्सिल कायमची खालीं ठेवली जाते, याचें भान बोलणारास राहत नाहीं. "आमच्या मुलास चित्राचा हात नाहीं," असें पालक सांगतात, आणि मुलगाही तें खरें मानून चित्रकलेच्या तासाला हाताची घडी घालून बसतो. परंतु हेच पालक "आमच्या मुलास अक्षरांचा हात नाहीं, त्यास लिहावयास शिकवूं नका," असें कधीं म्हणत नाहींत. वास्तविक अक्षर हेंही एक चित्रच आहे. 'ठ' म्हणजे आडव्या रेघेखालीं टांगलेलें वाटोळें, याहून दुसरें काय आहे ? पाटीवर शेंकडों वेळां गिरवून हीं अक्षरें आपल्या बोटांत बसलीं. मग घागर, पेटी किंवा गाडीचें चाक मात्र न गिरवितां बोटांत उतरावें, ही अपेक्षा कां ?

देणगी नसतेच, असें माझें म्हणणें नाहीं. कोणास ती अधिक असते, कोणास उणी. पण शुभवर्तमानांतील तीन दासांच्या दृष्टांतांत धन्यानें हिशेब मागितला तो कोणास किती मिळालें याचा नव्हे, मिळालेल्याचें काय केलें याचा. आणि ज्याला सर्वांत कमी मिळालें होतें, त्यानेंच तें जमिनींत पुरून ठेविलें होतें. चित्रकलेच्या बाबतींत हा पुरणारा दास आपल्या वर्गावर्गांत आढळतो.

चित्रकला शिकवितां येते, या विश्वासावरच मुंबईचें सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालीं सुरू झालें. त्यासाठीं सर जमशेटजी जिजीभाई यांनीं एक लाख रुपयांची देणगी दिली होती. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे १८९० सालीं तेथें विद्यार्थी म्हणून दाखल झाले, पुढें तेथेंच शिक्षक झाले, आणि या सर्व काळाचा वृत्तांत त्यांनीं 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' या पुस्तकांत लिहून ठेविला. पुस्तकाच्या नांवांतील तो आंकडा पालकांनीं क्षणभर मनांत आणावा. एवढा मोठा चित्रकार एकेचाळीस वर्षें शाळेंतच राहिला !

आतां प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळूं. साहित्य फार लागत नाहीं. एक साधी पेन्सिल, जुनीं वर्तमानपत्रें किंवा एका बाजूनें कोरे असलेले कागद, आणि घरांत असेल तर पाटी. फूटपट्टी व खोडरबर दोन्ही दप्तरांतच राहूं द्यावीं. पट्टी हातांत आली कीं हात शिकत नाहीं. आणि खोडरबर हाताशीं असला कीं डोळा आळशी होतो, कारण चुकलें तर पुसतां येईल या भरवशावर तो रेघ ओढण्यापूर्वीं पाहत नाहीं. चुकलेली रेघ तशीच राहूं द्यावी व तिच्या शेजारीं दुसरी ओढावी. दोन्ही एकत्र दिसल्या म्हणजे चूक किती व कोणत्या बाजूला झाली, हें कोणी न सांगतांही कळतें.

प्रथम रेघ. मुलें सामान्यतः पेन्सिल टोंकाजवळ घट्ट आवळून धरतात, मनगट कागदावर टेंकवितात आणि बोटें हलवून रेघ पुढें ढकलतात. अशानें दोन दोष उत्पन्न होतात. लहान लहान तुकड्यांची केसाळ रेघ होते. आणि मनगट हें जणूं कंपासाचा पाय बनल्यामुळें सरळ रेघ नकळत कमानीसारखी वांकते. यावर उपाय एकच. पेन्सिल थोडी मागें धरावी, हात कोपरासह सैल सोडावा आणि रेघ खांद्यापासून ओढावी. कागदावर वीतभर अंतरावर दोन टिंबें द्यावीं. पेन्सिल न टेंकवितां एका टिंबाकडून दुसऱ्याकडे हात दोनतीन वेळां हवेंतच फिरवावा. मग एका दमांत रेघ ओढावी. ओढतांना दृष्टि पेन्सिलीच्या टोंकावर नको, तर जेथें जावयाचें त्या टिंबावर हवी.

ही गोष्ट आपल्या शेतकरी बंधूंना सांगावी लागत नाहीं. पहिलें तास धरतांना नांगऱ्या बैलाच्या पायाकडे पाहत नाहीं. समोरच्या बांधावरील एखाद्या झाडावर नजर ठेवून तो चालतो, आणि म्हणूनच त्याचें तास सरळ जातें. घरांतील मातोश्री तर याहून पुढें गेल्या आहेत. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे टिंबें देऊन तीं मोकळ्या हातानें जोडण्याचा नित्याचा अभ्यासच होय. चिमटींतून पडणारी ती पांढरी रेघ पट्टीवांचून सरळ येते, तिला खोडरबर नसतो, आणि ती भुईवर बसून संपूर्ण हात फिरवूनच काढलेली असते. ज्या मुलांना रेघ साधत नाहीं, त्यांनीं चार दिवस आईजवळ बसून रांगोळी काढावी. मुलग्यांनीं यांत कमीपणा मानूं नये.

रेघ उभी, आडवी, तिरपी, सर्व दिशांनीं ओढावी. एकाच रेघेवरून पुनः आठ वेळां रेघ ओढून पाहावी. आरंभीं सर्व एकत्र असतील व शेवटीं केरसुणीसारख्या फांकतील. तें फांकणें दिवसेंदिवस कमी होत जातें. रेघेविषयीं याहून अधिक सांगण्यासारखें नाहीं. ती केवळ करावयाची गोष्ट आहे.

लंबवर्तुळाची गोष्ट वेगळी आहे. येथें हाताइतकीच, किंबहुना हातापेक्षां अधिक, डोळ्याची परीक्षा होते. जेवणाचें रिकामें ताट घ्या. तें मांडीवर ठेवून वरून पाहा; वाटोळें दिसेल. तें दोन्ही हातांनीं आडवें धरून हळूहळू वर उचला. वाटोळें चपटें होत जाईल, आणि ताट बरोबर डोळ्यांच्या पातळीस आलें कीं केवळ एक रेघ उरेल. आणखी वर न्या. आतां ताटाची खालची बाजू दिसूं लागेल व लंबवर्तुळ पुनः फुगूं लागेल. ताट बदललें नाहीं, तुम्हीही बदललां नाहीं; बदललें तें दोघांचें नातें. ताट गोल आहे, हें आपणांस ठाऊक असतें, आणि ठाऊक असलेली गोष्ट डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर मात करते. वस्तुचित्रांतील बहुतेक चुका या एकाच कारणानें होतात.

याचें उत्तम उदाहरण पाण्याचा पेला. विद्यार्थी त्याचें तोंड मोठ्या हौसेनें वाटोळें काढतो, आणि बूड मात्र पट्टीनें आंखल्यासारखें सरळ. कां ? तर पेला मेजावर सपाट बसला आहे, हें त्यास ठाऊक असतें. पण नीट पाहिलें तर उलटाच प्रकार दिसेल. तोंड डोळ्यांच्या पातळीला अधिक जवळ, म्हणून त्याचें लंबवर्तुळ अधिक चपटें; बूड त्या पातळीपासून अधिक खालीं, म्हणून त्याचा वांक अधिक गोलाईचा. घागरींत गळा, पोट व बूड यांच्या वांकांत हाच क्रम राहतो. गुऱ्हाळावर गेलांत तर चुलाणावरची काहील पाहा. जवळ उभें राहिल्यास तिचें तोंड केवढें रुंद दिसतें, आणि दूर ऊसाच्या मोळीवर बसून पाहिल्यास तीच काहील कशी अरुंद पट्टीसारखी होते !

आषाढी वारीच्या वाटेवर संत तुकाराममहाराजांच्या पालखीचें गोल रिंगण आपल्या इंदापूर तालुक्यांत बेलवाडीस होतें. तें पाहावयास गेलेल्यांनीं हें आठवून पाहावें. गर्दींत उभ्या असलेल्या माणसाला तें रिंगण गोल असें दिसतच नाहीं. समोरच्या बाजूचे पताकाधारी वारकरी अगदीं चपट्या कमानीसारखे दिसतात, आणि अश्व दोन्ही टोंकांशीं वळतांना एकाएकीं वळल्यासारखा भासतो. घराच्या गच्चीवर चढलेल्या मुलास मात्र तेंच रिंगण पुष्कळसें वाटोळें दिसतें. दोघांनीं घरीं येऊन चित्र काढलें, तर दोन्ही चित्रें निराळीं निघालीं पाहिजेत, आणि दोन्ही खरीं.

लंबवर्तुळ काढतांना पुढील गोष्टी सांभाळाव्या. त्याचीं दोन्ही टोंकें गोल असतात. बदामासारखीं अणकुचीदार कधींही नसतात. मधून एक आडवी व एक उभी फिकट रेघ ओढल्यास चारही चतकोर सारखे पडले पाहिजेत. हात प्रथम हवेंत फिरवावा, मग पेन्सिल टेंकवून न थांबतां दोन वेळां फिरवावी; एकाच फेऱ्यांत जुळविण्याच्या धडपडीनें हात अडखळतो. गाडीच्या चाकासारखें उभें व तिरपें वाटोळें काढावयाचें असेल, तर आधीं आंसाची दिशा पाहावी. लंबवर्तुळाची अरुंद बाजू नेहमीं आंसाच्या दिशेनें असते आणि रुंद बाजू आंसाशीं काटकोन करते. हा एवढा नियम ज्यास कळला, त्याच्या चित्रांतील गाडी चालूं लागते. ज्यास कळला नाहीं, त्याचें चाक आंसावरून निसटून पडेल असें वाटतें. आणखी एक बारकावा मोठ्या मुलांसाठीं सांगतों. ताटाचा खरा मध्यबिंदु चित्रांतील लंबवर्तुळाच्या बरोबर मध्यावर येत नाहीं. किंचित् पलीकडे सरकतो, कारण ताटाचा दूरचा अर्धा भाग जवळच्या अर्ध्यापेक्षां लहान दिसतो. चाकाचा तुंबा व आरे काढतांना हें ध्यानांत ठेवावें.

तिसरा पाठ खोक्याचा. दूरची वस्तु लहान दिसते, हें लहान मुलासही ठाऊक आहे. पण ती किती लहान काढावी व तिच्या कडा कोणीकडे वळवाव्या, याचा नियम पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं ब्रुनेलेस्की या शिल्पज्ञानें प्रयोगानें दाखविला, आणि आल्बेर्ती या विद्वानानें १४३५ सालीं चित्रकलेवरील आपल्या ग्रंथांत मांडला. त्याला आपण यथार्थदर्शन म्हणतों. फ्लॉरेन्सला जाण्याची आवश्यकता नाहीं. बारामती-इंदापूर भागांतून जाणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या सरळ टापूंत एखाद्या पुलावर उभें राहावें. दोन्ही कांठ प्रत्यक्षांत समांतर आहेत, तरी दूर जातां जातां ते एकमेकांकडे सरकतात व एका बिंदूंत नाहींसे होतात. हाच लोपबिंदु. तो तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे क्षितिजरेषेवर असतो. तुम्ही खालीं बसलां तर क्षितिजही खालीं बसतें. भरावावर चढलां तर तेंही चढतें.

याच नियमाची एक मौजेची प्रचीति पालखीच्या रस्त्यावर येते. सपाट रस्त्यावर तुमच्याइतक्याच उंचीचे वारकरी जवळपासून दूरपर्यंत चालले असतील, तर सर्वांचे डोळे जवळजवळ एकाच आडव्या रेषेंत दिसतात. पाय मात्र जवळच्यांचे खालीं व दूरच्यांचे वर. बहुतेक मुलें गर्दी काढतांना सर्वांचे पाय एका ओळींत ठेवून डोकीं खालींवर करतात. नेमकें उलट करावयास पाहिजे. अर्थात् लहान मूल पाहत असेल तर मोठ्यांचीं डोकीं त्याच्या क्षितिजाच्या वर राहतील, आणि दूर जातांना खालीं उतरतील.

आतां खोकें काढूं. कागदावर आडवी क्षितिजरेषा आंखावी व तिच्या दोन्ही टोंकांशीं एकेक बिंदु घ्यावा. हे बिंदु जवळ जवळ घेऊं नयेत, नाहींतर खोकें चेपल्यासारखें दिसतें. कागद लहान असेल तर बिंदु कागदाबाहेर बाकावर खडूनें करावे. रेषेच्या खालीं, मध्यभागाजवळ, खोक्याची सर्वांत जवळची उभी कड काढावी. तिच्या वरच्या व खालच्या टोंकापासून दोन्ही बिंदूंकडे फिकट रेघा न्याव्या. डावीकडे व उजवीकडे आणखी एकेक उभी कड काढावी. या दोन कडांच्या वरच्या टोंकांपासून विरुद्ध बाजूच्या बिंदूंकडे रेघा नेल्या कीं त्या जेथें एकमेकींस छेदतात, तेथें झांकणाचा मागचा कोपरा मिळतो. उभ्या कडा उभ्याच राहतात. जवळची लांब, दूरच्या आंखूड. पुढें न दिसणाऱ्या कडाही फिकट रेघांनीं काढाव्या, जणूं खोकें कांचेचें आहे. खोक्याची मागची बाजू कोठें बसली आहे, हें ज्यास ठाऊक, त्याचें खोकें जमिनीवर टेंकतें, इतरांचें तरंगतें. सर्व झाल्यावर मात्र पट्टी दप्तरांतून काढावी, रंगीत पेन्सिलीनें कडा वाढवाव्या व त्या बिंदूंस मिळतात कीं नाहीं हें तपासावें. पट्टी ही परीक्षक आहे, कारागीर नव्हे.

रस्त्याकडेचे विजेचे खांब दूर जातांना त्यांतील अंतर किती कमी करावें, असा प्रश्न हुशार विद्यार्थी हटकून विचारतात. त्याचें उत्तर सुंदर आहे. पहिला व दुसरा खांब अंदाजानें काढावा. त्यांचीं टोंकें, मध्यें व तळ जोडणाऱ्या तीन रेघा लोपबिंदूकडे न्याव्या. मग पहिल्या खांबाच्या टोंकापासून दुसऱ्याच्या मध्यांतून जाणारी तिरपी रेघ ओढावी. ती तळाच्या रेघेस जेथें मिळते तेथें तिसरा खांब. याच रीतीनें चौथा, पांचवा. मोजपट्टी नाहीं, गणित नाहीं, तरी अंतरें बिनचूक.

ज्यांचा या नियमांवर विश्वास बसत नाहीं, त्यांनीं वर्गाच्या खिडकीच्या कांचेजवळ एक डोळा मिटून स्थिर बसावें आणि बाहेरील भिंतीच्या कडा साबणाच्या तुकड्यानें कांचेवरच गिरवाव्या. डोकें हलूं देऊं नये. गिरवून झाल्यावर त्या तिरप्या रेघा पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटतें. (कांच नंतर पुसून ठेवावी.)

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. यथार्थदर्शन हा पाहण्याचा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नव्हे. वारली चित्रांत तारपा नाचाचा फेर वरून पाहावा तसा गोल असतो, आणि त्यांतील माणसें मात्र बाजूनें दिसतात. त्या कलेचे थोर चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांना लोपबिंदु ठाऊक नव्हता म्हणून चित्र उणें ठरलें काय ? मुळींच नाहीं. नियम शिकावा, पण त्या नियमानें आजीच्या भिंतीवरचीं चित्रें मोजूं नयेत.

आतां दोन शब्द पालकांसाठीं. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेणारा फोन आहे. मग हातानें घागर काढण्याचा खटाटोप कशास, असें कोणी विचारतील. छायाचित्र जें समोर आहे तेंच दाखवितें. सुतारास दार करावयाचें आहे, गवंड्यास ओटा बांधावयाचा आहे, तो अद्याप कोठेंच नाहीं. तो प्रथम कागदावर काढून दाखवावा लागतो. आपल्या तालुक्यांतील वालचंदनगरच्या कारखान्यांत साखर कारखान्यांचीं यंत्रें बनलीं, आणि भारताच्या अवकाशयोजनेसाठीं अग्निबाणांचीं कवचेंही बनलीं. एवढें प्रचंड नळकांडेंही प्रथम कागदावर उतरलेलें असतें. त्याचें तिरपें चित्र काढूं लागलें कीं दोन्ही टोंकांस आपल्या पेल्याचेंच लंबवर्तुळ येतें. आय.टी.आय. किंवा तंत्रनिकेतनांत जाणाऱ्या मुलास नकाशा वाचतां आला नाहीं, तर त्याचें पहिलें वर्ष जड जातें. आणि ज्यानें शंभर खोकीं काढलीं आहेत, त्यास नकाशांतील सपाट रेघांमागची वस्तु लवकर दिसूं लागते. शिवाय कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा आहेतच. परंतु परीक्षेच्या आदल्या महिन्यांत महागडे रंग आणून देण्यापेक्षां वर्षभर रोज पंधरा मिनिटें मुलास निवांत बसूं द्यावें, हें अधिक फळास येतें, असें माझें स्पष्ट मत आहे. अपेलीस हा प्राचीन ग्रीक चित्रकार एकही दिवस रेघ ओढल्यावांचून जाऊं देत नसे, असें रोमन ग्रंथकार प्लिनी यानें लिहिलें आहे. आणि अपेलीस तर बादशहा अलेक्झांडरचा चित्रकार होता.

पंधरा मिनिटांची वाटणी अशी करतां येईल : पांच मिनिटें रेघा, पांच मिनिटें लंबवर्तुळें, पांच मिनिटें एक खोकें. आठवड्यांतून एकदां या तिहींचा मेळ घालून घरांतील एखादी वस्तु काढावी : पाट, तांब्या, धान्याची कोठी, दिवा. कंटाळा आल्यास जागा बदलावी, वस्तु बदलावी. वेळ मात्र बदलूं नये. प्रत्येक कागदावर तारीख घालावी व कागद फेंकूं नयेत. पालकांनीं "सुंदर" किंवा "वाईट" असा निकाल देऊं नये. केवळ मागच्या महिन्याचा व या महिन्याचा कागद शेजारीं शेजारीं ठेवून मुलालाच विचारावें, यांत काय बदललें? तें उत्तर मूल आपल्याहून अधिक बरोबर देतें.

शेळगांव व आसपासच्या वाड्यांवरील विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत तीन चित्रें करून आणावीं : विहिरीच्या कठड्याचें तोंड दोन निरनिराळ्या उंचीवरून, बैलगाडीचें चाक तिरपें, आणि घराजवळील सरळ रस्ता किंवा चारी, कडेच्या झाडांसह किंवा खांबांसह. तीन्हींच्या मागें जागा, वेळ आणि आपण उभे होतों कीं बसलों होतों, हें लिहावें. विहिरीजवळ मात्र एकट्यानें जाऊं नये. बरोबर मोठें माणूस असावें.